एका पत्रिका-चाचणीची चिकित्सा

"श्रद्धेच्या भानगडीत विज्ञानाने पडू नये" आणि "विज्ञानाने हे सगळं कधीच खोटं ठरवलंय" ही दोन्ही वाक्यं आपण नेहमी ऐकतो. संशोधनाची तयारी करत असाल तर ती जरा बाजूला ठेवा आणि २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये आलेला एक छोटा पेपर वाचा. लेखक आहेत जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. विषय आहे फलज्योतिषाची चाचणी.

पत्रिकेवरून बुद्धिमत्ता कळते, हा तपासायचा दावा. त्यासाठी १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. उत्तरं आली २७ जणांची. सर्वाधिक बरोबर उत्तरं २४, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याहून कमी. नाणं उडवून उत्तर देणाऱ्या २७ जणांतही २४ किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारे तीन-चार निघतात!

पेपरची खरी ताकद मला आकड्यांपेक्षा मांडणीत दिसते. माहिती गोळा करणारे अंनिसचे कार्यकर्ते होते, म्हणजे निकाल काय लागावा याबद्दल त्यांचंही मत होतंच. म्हणून पत्रिकांना सांकेतिक क्रमांक देऊन मूळ नोंदी पुणे विद्यापीठात वेगळ्या ठेवल्या. ही खबरदारी ज्योतिषाच्या विश्वासापुरती नाही, प्रयोग करणाऱ्याच्या अविश्वासासाठीही आहे.

आता त्रुटी. पत्रिका मागवल्या होत्या ५१ जणांनी. उरलेल्यांनी उत्तरं का दिली नाहीत, ते निकालातून कळत नाही. जन्मवेळा पालकांकडून घेतलेल्या, त्यामुळे थोडंफार इकडेतिकडे होणार. पण व्यवसायातही ज्योतिषी याच वेळांवर भाकीत करतात, म्हणून हा आक्षेप मला फारसा पटत नाही.

मोठा आक्षेप संख्येचा आहे. ४० पैकी २८ बरोबर येणं निव्वळ नशिबाने अवघड, शक्यता शेकडा एकाहून कमी. म्हणून २८ ही कसोटी ठीक वाटते. पण समजा एखाद्याला खरोखरच ६० टक्के अचूक ओळखता येतं. तोही या कसोटीत आठपैकी सातदा नापास होईल! म्हणजे ४० पत्रिकांची चाचणी मोठा दावा पाडते, छोटा दावा निसटतो.

ही फट दुसऱ्या चाचणीने बरीच बुजते. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या. ६० टक्के कौशल्य असतं तर सुमारे १२० बरोबर यायला हव्या होत्या, आल्या १०२. हा निकाल मात्र त्या एका संस्थेपुरता. २७ जणांच्या १०८० उत्तरांची सरळ बेरीजही करता येत नाही, कारण पत्रिका मुळात २००च. त्याच पत्रिका वेगवेगळ्या ज्योतिषांकडे गेल्या.

मग सिद्ध काय झालं? या ज्योतिषांना हा एक दावा निभावता आला नाही, एवढंच. कुणाला पत्रिकेतून धीर मिळतो का, हे इथे तपासलेलंच नाही. श्रद्धा मोजता येत नाही. तिच्यातून निघालेला नेमका दावा मोजता येतो. तुमच्या सिनॉप्सिसमधल्या गृहीतकालाही हाच नियम लावा: किती गुण पडले तर ते सोडाल, हा आकडा प्रयोगाआधी लिहून ठेवा.