क्वांटम रडार : तुलना कोणाशी?

क्वांटम रडारवरील लेखांत एक वाक्य हमखास सापडते : या रडारपुढे कोणतेही विमान लपून राहणार नाही. २०१६ साली चीनमधील एका सरकारी कंपनीने १०० किलोमीटर पल्ल्याचा दावा केल्यापासून तर हे वाक्य पाठांतराचेच झाले आहे. आमची तक्रार रडारविषयी नाही, तुलनेविषयी आहे.

मूळ कल्पना सुंदर आहे. परस्परांशी गुंतलेल्या फोटॉनांची जोडी तयार करायची, एक लक्ष्याकडे पाठवायचा, दुसरा जपून ठेवायचा. परतलेला फोटॉन जपलेल्याशी ताडून पाहिला, की आपला कोणता व परका कोणता याचा अंदाज सुधारतो. सूक्ष्मलहरींत याची गरजही मोठी. १० गिगाहर्ट्झला, ३०० केल्व्हिन तापमानात, उष्णतेमुळेच दर कंपनप्रकारामागे सुमारे ६०० फोटॉन असतात. (बोल्ट्झमन स्थिरांक व तापमान यांच्या गुणाकाराला प्लांक स्थिरांक व वारंवारता यांच्या गुणाकाराने भागावे, बारावीच्या वर्गात सहज होईल.) त्यात आपला एखादा फोटॉन म्हणजे जत्रेत हरवलेले पोर.

सेथ लॉइड यांनी २००८ साली ही कल्पना मांडली, तेव्हा लाभ प्रचंड दिसला. पण ती तुलना सुट्या एकेकट्या फोटॉनांशी होती. लेसरसारख्या सुसंगत प्रकाशाशी तुलना केल्यावर तो लाभ उरत नाही, हे पुढच्याच वर्षी शपीरो व स्वतः लॉइड यांनी दाखवले. आम्हांला हा प्रामाणिकपणा मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो. २००८ च्याच दुसऱ्या एका मांडणीतला लाभ मात्र टिकला : जास्तीत जास्त ६ डेसिबल, म्हणजे चौपट; तोही संदेश अतिक्षीण व गोंगाट फार असेल तेव्हाच.

प्रयोगांकडे पाहू. २०२० साली ऑस्ट्रियातील गटाने १ मीटरवरची वस्तू ओळखली. पण प्रत्यक्ष मोजणीत मात केली ती तशाच बांधणीच्या गोंगाट-रडारवर. त्यापुढचा लाभ आदर्श शोधक गृहीत धरून गणिताने काढलेला होता. २०२३ साली फ्रान्समधील ल्यों येथील गटाने उत्तमातल्या उत्तम पारंपरिक पद्धतीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक सरस कामगिरी मोजली. हा खरा विजय. मात्र सारा खेळ अतिशीत अतिवाहक मंडलाच्या आतला.

विमानासाठी अडचण वेगळीच आहे. १०० किलोमीटरवरून फोटॉन परत यायला सुमारे ६६७ मायक्रोसेकंद लागतात. तोवर जोडीदार जपायचा. त्या जपलेल्या लहरीची पाऊण शक्ती वाया गेली, की ६ डेसिबलचा लाभ संपला. शिवाय तो नेमका किती वेळ जपायचा हे ठरवायला अंतर आधीच ठाऊक हवे, आणि ते ठाऊक असते तर रडार कशाला लावले असते?

आता शक्तीचा हिशेब. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दर कंपनप्रकारामागे एक फोटॉन धरला, तरी पाठवलेली शक्ती वॉटमध्ये लिहिताना दशांशचिन्हानंतर सोळा शून्ये येतात. साध्या रडारने त्याच्या चौपट शक्ती पाठवली की बरोबरी झाली. विमानतळावरचे रडार किलोवॉटमध्ये बोलते.