युनिक्स डेस्कटॉपवरील तात्पुरत्या फायली आणि लॉगमधील त्रुटिसंदेश : एक चिकित्सा

युनिक्स आणि त्या परंपरेतील लिनक्स यांची चर्चा बहुधा सर्व्हरच्या संदर्भात होते. तेथे लॉग वाचणारा प्रशासक गृहीत धरलेला असतो. डेस्कटॉपवर असा वाचक नसतो. तरीही त्रुटिसंदेश लिहिले जातात, तात्पुरत्या फायली साठत राहतात आणि हा सारा कचरा आहे असे मानून तो पुसून टाकण्याचे उपाय सुचविले जातात. हा दृष्टिकोन तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण कचरा कोणता व पुरावा कोणता हे ओळखण्याची सोय पुष्कळदा संदेश लिहिणाऱ्यानेच ठेवलेली नसते.

तात्पुरत्या फायलींचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. 'फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्ड' या मानकानुसार 'टीएमपी' डिरेक्टरीतील फाइल पुढील खेपेस शिल्लक असेल, असे कोणत्याही प्रोग्रामने गृहीत धरू नये. शिवाय युनिक्समध्ये फाइल उघडताच तिचे नाव डिरेक्टरीतून काढून टाकता येते. प्रोग्राम चालू असेपर्यंत तिच्यातील मजकूर उपलब्ध राहतो आणि प्रोग्राम मध्येच कोसळला तरी कर्नेल ती जागा मोकळी करतो. २०१३ मध्ये आलेल्या लिनक्स ३.११ ने तर मुळातच नाव नसलेली फाइल तयार करण्याची सोय दिली. तेव्हा जी फाइल इतर कोणत्याही प्रोग्रामला लागत नाही, ती मागे उरणे ही अपरिहार्यता नव्हे, हलगर्जी आहे.

लॉगचे दुखणे याहून खोल आहे. पूर्वी डेस्कटॉपवरील प्रोग्राम जे काही बोलत, ते वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतील 'एक्ससेशन-एरर्स' या लपविलेल्या फाइलमध्ये जमा होई. सर्व्हरच्या लॉगना ठरावीक काळाने छाटण्याची व्यवस्था होती. या फाइलला ती सहसा नसे, आणि एखादा बिघडलेला प्रोग्राम तिच्यात तोच संदेश लिहून डिस्क भरून टाकू शके. यथावकाश हे संदेश 'सिस्टीमडी'च्या जर्नलमध्ये जाऊ लागले. जागेचा प्रश्न सुटला, अर्थाचा मात्र सुटला नाही.

सिसलॉगच्या परंपरेत संदेशाच्या गांभीर्याच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे आणीबाणी, दोन म्हणजे 'क्रिटिकल', तीन म्हणजे 'एरर', चार म्हणजे 'वॉर्निंग'. ग्नोम डेस्कटॉपचा पाया असलेल्या 'जीलिब' या लायब्ररीने हेच शब्द घेतले. त्यांचे अर्थ मात्र बदलले. तेथे 'एरर' हा सर्वांत वरचा शब्द असून तो उच्चारताच प्रोग्राम बंद पडतो. 'क्रिटिकल' म्हणजे बहुधा प्रोग्रामरने एखादे फंक्शन चुकीच्या रीतीने वापरल्याची कबुली. हे संदेश जर्नलकडे पाठविताना जीलिब आपल्या 'एरर'ला तिसरी पायरी देते आणि 'क्रिटिकल' व 'वॉर्निंग' या दोहोंना चौथी. परिणामी संदेशाच्या मजकुरात 'क्रिटिकल' आणि नोंदीच्या पायरीवर केवळ 'वॉर्निंग', अशी विसंगती एकाच ओळीत नांदते. मजकुरावर विश्वास ठेवणारा वापरकर्ता घाबरतो. पायरी पाहून संदेश गाळणाऱ्याच्या हाती ती ओळ लागतच नाही. (प्रोग्रामरला स्वतःसाठी हे संदेश प्राणघातक ठरविण्याची सोय जीलिबने दिली आहे. ती सर्रास वापरली गेली असती, तर यातील पुष्कळ ओळी वापरकर्त्यापर्यंत पोहोचल्याच नसत्या.)

याची किंमत केवळ गोंधळापुरती राहत नाही. जर्नलला कमाल आकाराची मर्यादा असते. वेगळी सूचना नसल्यास ती फाइलसिस्टीमच्या दहा टक्के, परंतु चार गिगाबाइटहून अधिक नाही. मर्यादा गाठली की सर्वांत जुन्या जर्नल-फायली आधी पुसल्या जातात. त्या वेळी गांभीर्याची पायरी विचारात घेतली जात नाही. डिस्क निकामी होऊ लागल्याची कर्नेलने दोन महिन्यांपूर्वी दिलेली सूचना आणि खिडकीची रुंदी ऋण आल्याची हजारदा उमटलेली तक्रार यांना तेथे एकच न्याय लागू होतो. आणि ही दुसरी तक्रार जितक्या वेळा लिहिली जाते, तितकी पहिली सूचना लवकर पुसली जाते.