दोन सत्तांची कथने आणि क्रिमियाचा तातार

सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये मोडला. तेव्हापासून त्या मोडण्याचे दोन अर्थ जगात नांदत आहेत. एक मॉस्को सांगते, दुसरा वॉशिंग्टन आणि ब्रसेल्स सांगतात. त्यांवर चर्चा होते ती बहुधा खरे कोण आणि खोटे कोण एवढ्यापुरती. साहित्याच्या वाचकाने मात्र आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. हे दोन्ही अर्थ म्हणजे कथने आहेत. कथनात नायक असतो, खलनायक असतो, आणि ज्याला एकही वाक्य बोलू दिलेले नाही असा कुणीतरी कोपऱ्यात उभा असतो. तो कोण? कथनाची नैतिक किंमत त्याच्यावरून ठरते.

रशियन कथन अपमानाच्या भावनेवर उभे आहे. पुतिन यांनी २००५ च्या भाषणात सोव्हिएत संघाच्या कोसळण्याला शतकातील मोठी भू-राजकीय आपत्ती म्हटले. या भावनेला आधारच नाही असे म्हणता येणार नाही. नव्वदच्या दशकात सरकारी कारखाने मूठभरांच्या घशात गेले, कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले, आणि १९९४ साली रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली आले. नाटो पूर्वेकडे सरकत गेली. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील असे जाहीर झाले. हे सारे खरे. पण या कथनात एक लबाडी आहे. त्यात उपाशी निवृत्तिवेतनधारकाचे दुःख पुढे केले जाते आणि मागणी केली जाते साम्राज्याची. जुलै २०२१ च्या लेखात पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असे मांडले. ‘तुम्ही वेगळे नाहीच’ हे वाक्य म्हणणाऱ्याला प्रेमाचे वाटते. ज्याला ते ऐकून घ्यावे लागते त्याला त्यातली मालकी कळते. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात युक्रेनमध्ये ९० टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याला पडली. क्रिमियातही निम्म्याहून थोडी अधिक पडली. ही मते एका लेखाने खोडता येत नाहीत.

पश्चिमेचे कथन विजयाचे आहे. फ्रान्सिस फुकुयामा यांचा ‘इतिहासाच्या अंता’वरचा निबंध १९८९ चा. उदार लोकशाहीला आता तोलामोलाचा वैचारिक प्रतिस्पर्धी उरला नाही, हा त्याचा सूर. त्या सुरावर पुढची धोरणे बेतली गेली. यातही सत्य आहे. पोलंड किंवा बाल्टिक देश कुणी फितवले म्हणून पश्चिमेकडे गेले नाहीत. मॉस्कोच्या अंमलाची आठवण त्यांच्या अंगावर होती. पण या कथनातली लोकशाही सोयीपुरती जागी होते. ऑक्टोबर १९९३ मध्ये येल्त्सिन यांनी स्वतःच्या संसदेवर रणगाड्यांतून तोफा डागल्या, शंभराहून अधिक माणसे मेली. पश्चिमी राजधान्या येल्त्सिन यांच्याच पाठीशी राहिल्या. चेचन्यात ग्रोझ्नी शहर बेचिराख झाले, आणि एप्रिल १९९६ मध्ये मॉस्कोत उभे राहून क्लिंटन यांनी त्या युद्धासाठी अमेरिकेच्या यादवीचा आणि लिंकनचा दाखला दिला. तेव्हा रशियाची अखंडता पवित्र होती. येल्त्सिन आपला माणूस होता ना!

इथे दोन्ही कथनांचे शब्दभांडार उघडे पडते. त्यांच्याकडे शब्द दोनच आहेत: ‘स्वयंनिर्णय’ आणि ‘प्रादेशिक अखंडता’. चेचन्यात रशिया अखंडतेचा भक्त होता. फेब्रुवारी २००८ मध्ये कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हाही तो सर्बियाच्या अखंडतेसाठी भांडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाला मान्यता देताना मात्र त्याला स्वयंनिर्णय आठवला. कोसोवोला मान्यता देणारे पश्चिमी देश म्हणाले, हे प्रकरण अपवादात्मक आहे, दाखला नव्हे. १८ मार्च २०१४ रोजी क्रिमिया रशियाला जोडताना पुतिन यांनी नेमका तोच दाखला काढला. शब्द तेच राहिले, फक्त हात बदलले.

जॉर्जियाच्या युद्धाबाबत युरोपीय संघाने नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल सप्टेंबर २००९ मध्ये आला. युद्धाला तोंड फुटले ते जॉर्जियाने त्सखिनवालीवर केलेल्या तोफमाऱ्याने, असे त्यात होते. रशियाचा प्रतिहल्ला बचावाच्या मर्यादेपलीकडे गेला, आणि दक्षिण ओसेतियातल्या जॉर्जियन वस्त्यांचे वांशिक निर्मूलन झाले, हेही त्यात होते. मॉस्कोने पहिले अर्धे वाचले, तिबिलिसी आणि तिच्या मित्रांनी दुसरे. ज्यांची गावे जळाली ते दोघांच्याही वाचनात पुरावा म्हणून आले, माणूस म्हणून आले नाहीत.

आता कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे वळू. १८ मे १९४४ रोजी क्रिमियातल्या तातारांना उचलायला सुरुवात झाली. जर्मनांशी हातमिळवणी केल्याचा आरोप अख्ख्या समाजावर ठेवला गेला. तीन दिवसांत १,८०,००० हून अधिक माणसे मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानात पाठवली गेली. तातार सैनिक लाल सेनेत लढत होते. सेनेतून सुटल्यावर त्यांनाही तीच वाट दाखवली गेली. गावांची तातार नावे पुसली गेली. १९५४ मध्ये क्रिमिया रशियाकडून युक्रेनकडे सोपवला गेला, तेव्हा तातार वनवासातच होते. १९६७ च्या हुकमाने आरोप मागे घेतला. परतीची वाट मात्र खुली केली नाही. ती खुली झाली ऐंशीचे दशक सरताना. परतलेल्यांना घर मिळाले नाही, जमीन मिळाली नाही. त्यांनी मोकळ्या माळांवर वस्त्या उठवल्या आणि त्या बेकायदा ठरल्या.

स्वतंत्र युक्रेनने तातारांना मूळनिवासी लोक म्हणून मान्यता कधी दिली? २० मार्च २०१४ रोजी. क्रिमिया हातचा गेल्यानंतर दोन दिवसांनी! तेवीस वर्षे जो हक्क सुचला नाही तो दोन दिवसांत सुचला. दुसरीकडे, क्रिमिया जोडतानाच्या भाषणात पुतिन यांनी तातारांच्या यातनांचा आदराने उल्लेख केला, आणि एप्रिल २०१४ मध्ये त्यांच्या पुनर्वसनाचा हुकूम काढला. त्याच वर्षी मुस्तफा जेमिलेव्ह यांना क्रिमियात पाऊल टाकायला बंदी झाली. अंगावरचे पोर असताना हद्दपार झालेला आणि सोव्हिएत तुरुंगांत व छावण्यांत सुमारे १५ वर्षे काढलेला हा माणूस. २०१६ मध्ये ‘मेज्लिस’ ही तातारांची प्रातिनिधिक संस्था अतिरेकी ठरवून बंद केली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१७ मध्ये ती बंदी उठवण्याचा अंतरिम आदेश दिला. रशियाने तो पाळला नाही, असे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२४ च्या निकालात म्हटले. पण बंदी वंशभेदाची ठरते काय, या प्रश्नावर निकाल तातारांच्या पदरात पडला नाही. नकाशा कुणाचा यावर सारे भांडले. त्या नकाशातल्या गावाचे जुने नाव काय होते, हे विचारले ते फक्त तातारांनी.

या दोन कथनांबाहेर लिहिणारे नाहीत असे नाही. बेलारूसच्या, रशियन भाषेत लिहिणाऱ्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांचे ‘सेकंड-हँड टाइम’ २०१३ चे. स्वयंपाकघरातल्या गप्पांत स्वातंत्र्याची स्वप्ने रंगवलेली माणसे, सोव्हिएत जगासाठी अजून हळहळणारी माणसे, वांशिक दंगलींतून पळालेल्या बाया, सारे त्यात शेजारी शेजारी बोलतात. त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पश्चिमेने हे पुस्तक ‘लाल माणसा’चे शवविच्छेदन म्हणून वाचले, त्यातली बाजारावरची चीड कानाआड केली. पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात दुःख बोलते, पण दुःख देणारी यंत्रणा पुरेशी दिसत नाही. ती दिसते आन्ना पोलित्कोव्हस्काया यांच्या चेचन्यावरील वार्तांकनात. त्या रशियन होत्या आणि रशियन सैन्याच्या बळींविषयी रशियनांनाच सांगत होत्या. ७ ऑक्टोबर २००६ रोजी मॉस्कोत, त्यांच्या राहत्या इमारतीत, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

या विवेचनातून ‘दोघेही सारखेच’ असा आरामशीर निष्कर्ष कुणी काढू नये. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सरहद्द ओलांडून रणगाडे घुसले ते रशियाचे. आक्रमकाला आक्रमक म्हणायला नाटोचे भक्त असावे लागत नाही. आणि नाटोचा ढोंगीपणा दाखवल्याने आक्रमण न्याय्य होत नाही.

आपल्या चळवळीच्या वाचकाने हे विशेष लक्षात घ्यावे. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत देशात गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. श्रमिकांचे राज्य डोळ्यांनी पाहण्याची त्यांची ओढ खरी होती. त्या ओढीचा वारसा आजच्या क्रेमलिनला आयता बहाल करण्याचे कारण नाही. क्रेमलिनचा राग म्हणून पश्चिमेच्या वर्तमानपत्रांना प्रमाण मानण्याचेही नाही. अमेरिकेला विरोध करतो म्हणून एखादा सत्ताधीश शोषितांचा होत नाही, आणि निवडणुकांची भाषा बोलतो म्हणून दुसरा माणुसकीचा होत नाही. पुढच्या वेळी एखादी राजधानी ‘आमच्या लोकांचे रक्षण’ किंवा ‘लोकशाहीचे रक्षण’ म्हणेल, तेव्हा आधी विचारा: तिथे सर्वांत खाली कोण आहे, त्याची संस्था चालू आहे की बंद, आणि त्याचा माणूस स्वतःच्या गावी परतू शकतो काय?