पश्चात्ताप आणि पाऊल
बंगळूरहून बायबल सोसायटी ऑफ इंडिया प्रसिद्ध करीत असलेल्या मराठी बायबलाने रूढ केलेला 'पश्चात्ताप' हा शब्द मागाहून होणारा दाह सांगतो. हिब्रू 'शूव्' या धातूतील माघारी वळणे त्यात उमटत नाही. लूकच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राची कथा मात्र तो उठून घरची वाट धरतो तेव्हाच पालटते. 'चाकर म्हणून ठेवा' हे मनाशी योजिलेले वाक्य तो बापापुढे उच्चारीत नाही. बापाने धावत येऊन त्याला आधीच कवटाळलेले असते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग निवडला, ही केवळ छंदाची निवड नव्हे. वारकऱ्यांच्या अभंगात अनुताप आणि वाटचाल एकत्र नांदतात. शब्दातून निसटलेले पाऊल छंदाने परत आणले.