‘कोसला’तील जबाबदारी टाळण्याची भाषा

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यावर जे लेखन झाले त्यात परात्मता, अस्तित्ववाद, नवकादंबरी या संज्ञांचा भरणा मोठा आहे. ती एक विनोदी कादंबरी आहे, ही गोष्ट टीकाकारांनी नाकारली नाही. पण बहुधा जाता जाता सांगितली. वाचकाचा अनुभव मात्र उलट क्रमाचा असतो. तो प्रथम हसतो. परात्मता ही त्याला पुढे वर्गात भेटते. या हसण्याचा विचार गांभीर्याने केला तर कादंबरीचे काही गुण, आणि एक उणीवही, अधिक स्पष्ट होते.

कथानक थोडक्यात सांगता येते. खानदेशातील एका खेड्यातल्या सधन शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास जातो. वादविवाद मंडळ, वसतिगृहाची खानावळ, स्नेहसंमेलनातील नाटक अशा उचापती अंगावर घेतो आणि पैसा व अभ्यास दोन्ही घालवून बसतो. वडिलांशी त्याचे बिनसते, धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, परीक्षा हातची जाते आणि तो गावी परततो. गावातही तो काही करीत नाही. एका वाक्यात सांगावयाचे तर, बापाच्या पैशावर शिकावयास गेलेल्या आणि न शिकता परत आलेल्या मुलाची ही हकीकत आहे. मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी ती नवी वाटणार नाही. सेनगाव वा कळमनुरीकडचा विद्यार्थी ‘कोसला’ वाचताना पुण्याच्या वाचकापेक्षा थोडा उशिरा हसतो, तो यामुळेच. पैसा कोठून येतो हे त्याला ठाऊक असते.

मराठी विनोदाच्या परंपरेत असा नायक पूर्वी नव्हता. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव हा जबाबदाऱ्यांखाली दबलेला गृहस्थ आहे. त्याची फजिती होते ती कर्तव्य करावयास गेल्यामुळे. पांडुरंगाचे हास्य कर्तव्यापासून अंग काढून घेण्यातून निर्माण होते. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीशी ‘कोसला’चे नाते अनेकांनी दाखविले आहे, परंतु गोंचारोवच्या ‘ओब्लोमोव्ह’शी (१८५९) तुलना केल्यास अधिक हाती लागते. ओब्लोमोव्ह अंथरुणावरून उठत नाही, म्हणून त्याची टाळाटाळ डोळ्यांना दिसते. पांडुरंग सतत हिंडत असतो, बोलत असतो, काहीतरी अंगावर घेत असतो. त्याची टाळाटाळ डोळ्यांना दिसत नाही. ती त्याच्या वाक्यांत आहे.

‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे पांडुरंगाचे दोन लाडके शब्द. त्यांची लकब म्हणून नोंद सर्वांनीच घेतली आहे. त्यांचे कार्य फारसे कोणी तपासलेले नाही. ‘उदाहरणार्थ’ या अव्ययाला दोन गोष्टी लागतात: आधी एक सामान्य विधान आणि नंतर त्यात मोडणारी एक विशेष वस्तू. ‘या भागात नगदी पिके होतात, उदाहरणार्थ हळद’ हे वाक्य सरळ आहे. पांडुरंग मात्र सामान्य विधान करीतच नाही. जी गोष्ट एकमेव आहे, जिचा दुसरा नमुना असू शकत नाही, अशा गोष्टीपुढेही तो हा शब्द ठेवतो. स्वतःचे वयदेखील त्यातून सुटत नाही. वाक्याचा आकार दाखल्याचा आणि आशय एकमेव वस्तुस्थितीचा, या विसंगतीतून हसू येते. पण त्याच वेळी दुसरेही काही घडते. जे आपले आहे ते कोणाचेही असू शकले असते, आपण केवळ एक नमुना आहोत, अशी भूमिका वक्ता घेतो. नमुन्याला जाब विचारता येत नाही.

‘वगैरे’चे काम याच्या पुढचे आहे. ‘हळद, सोयाबीन, कापूस वगैरे’ असे म्हणताना वक्ता एक वर्ग उभा करतो आणि उरलेल्या वस्तू ऐकणाऱ्याने भराव्यात अशी अपेक्षा ठेवतो. ऐकणाऱ्याला तो वर्ग माहीत असतो, म्हणून हे चालते. पांडुरंग हा शब्द एकट्या नामाला जोडतो, क्रियेला जोडतो, भावनेला जोडतो. दुःख झाले असे म्हणून त्याला ‘वगैरे’ लावले की दुःखाच्या जोडीला आणखी काय होते हे ऐकणाऱ्याने कोठून आणावयाचे? विधान केलेले असते आणि सोडूनही दिलेले असते. पहिला शब्द विधानाचे दार अर्धवट उघडतो, दुसरा ते बंद होऊ देत नाही.

या दोन शब्दांचे कूळ पाहण्याजोगे आहे. ‘उदाहरणार्थ’ संस्कृत घडणीचा. त्याचे घर शाळेचे पुस्तक, व्याकरण आणि भूमिती. ‘वगैरे’ अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचे जुने घर दफ्तर, यादी, हुकूम. निजामी अमलात, म्हणजे १९४८ पर्यंत, ज्या भागात दफ्तराची भाषा उर्दू होती त्या भागातील जुन्या पिढीला हे निराळे सांगावे लागले नसते. म्हणजे एक शब्द शाळेने दिलेला, दुसरा कचेरीने. सांगवीच्या शेतातला यात एकही नाही. शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षणाने काय दिले, असा प्रश्न कादंबरी कोठेही भाषणाच्या स्वरात विचारीत नाही. अंग काढून घेण्याची साधने मात्र त्याला शिक्षणानेच पुरविली, हे ती त्याच्या बोलण्यातून दाखविते. ‘कोसला’तील विनोदाचा खरा डंख येथे आहे.

भाषाभ्यासकाने येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. मराठीच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, कर्माशी जुळते. तेव्हा ‘मी पुस्तक वाचले’ म्हणणारा मराठी माणूसच आपल्या कृतीपासून अलग असतो, असा सिद्धांत मांडणे सोपे आहे. पण हा प्रयोग जबाबदार माणसेही दिवसभर करतात. व्याकरणाने सर्वांना सारखेच दिलेले असते ते शैलीचे लक्षण ठरत नाही. पांडुरंगाची शैली शोधावयाची ती जेथे त्याला निवड करता आली असती तेथे.

मनीच्या मृत्यूच्या भागात ही निवड कसोटीला लागते. हा भाग मराठी गद्यातील शोकाच्या श्रेष्ठ पानांत मोडतो, याविषयी वाद नसावा. येथे बोलण्याची कोणतीही लकब हसू आणीत नाही. जी मुलगी गेली ती नमुना नव्हती आणि तिच्यानंतर ‘वगैरे’ काही उरत नाही. याआधीच्या पानांतील विनोद या पानांनी खोटा ठरतो असे नव्हे. त्याची किंमत काय होती ते मागाहून कळते. त्यानंतर पांडुरंग पुन्हा तसेच बोलू लागतो, पण वाचक आता आधीसारखा हसत नाही.

बेजबाबदार पुरुषाची आणि त्याच्या घराची कथा मराठीला नवी आहे का? हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठी, नरसी हे गाव आहे. परंपरा त्याला नामदेवांचे जन्मस्थान मानते. शिंप्याच्या या मुलाने कापड विकावयास जावे, ते रानातल्या धोंड्यांना उधारीवर देऊन यावे आणि जामीन म्हणून एक धोंडा घरी आणावा, ही कथा त्या भागात लहान मुलांनाही येते. धोंड्याचे सोने झाले म्हणून ती संतकथा झाली. सोने होण्यापूर्वीचा सारा भाग निखळ विनोदाचा आहे. महिपतीने ‘भक्तविजया’त (१७६२) नामदेवचरित्र रंगविले तेही घरातला हा त्रागा वगळून नव्हे. नामदेवांच्या नावे असलेल्या गाथेत तर आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तक्रारींचे अभंग आहेत. घरात दाणा नाही आणि हा विठ्ठलाच्या पायी बसला आहे, हा त्यांचा आशय. या अभंगांचे कर्तृत्व नेमके कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत मुद्द्याला त्याने बाध येत नाही. भक्त आणि पांडुरंग सांगवीकर यांना एका मापाने मोजावे असा येथे आग्रह नाही. नामदेव घर सोडतात ते एका निष्ठेपायी. सांगवीकराला निष्ठा ठेवावी असे काही सापडत नाही, आणि त्याचे नाव पांडुरंग असणे हा कादंबरीतला एक मूक विनोद मानावयास हरकत नाही. तुलना दुसऱ्याच ठिकाणी उपयोगी पडते.

गाथेत गोणाई व राजाई स्वतःच्या तोंडाने बोलतात. त्यांच्या बोलण्यात उपरोध आहे, हिशेब आहे, विठ्ठलालाही चार शब्द सुनावण्याची धमक आहे. ज्याच्यामुळे घराचे हाल झाले त्याच्याच नावाच्या गाथेत, ज्यांचे हाल झाले त्यांना प्रथमपुरुष मिळाला आहे. ‘कोसला’त प्रथमपुरुष एकच. आई, बहिणी, वडील यांचे जे बोलणे वाचकापर्यंत येते ते पांडुरंगाच्या कानांनी ऐकलेले आणि त्याच्या चालीवर सांगितलेले. वडिलांचा व्यवहारीपणा हास्यास्पद वाटतो, कारण त्याला हास्यास्पद करणाराच तो सांगत असतो. आत्मनिवेदनाची ही अपरिहार्य मर्यादा आहे असे म्हणता येईल. पण मर्यादा अपरिहार्य असली तरी मर्यादाच असते. कोशात बसलेल्याला बाहेरचे दिसावयाचे नाही, हे शीर्षकाने सुचविले आहे खरे. तरीही बाहेर कोणी राबत होते, ही गोष्ट कादंबरीला कळली आहे की केवळ वाचकाला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

याचे उत्तर शोधावयाचे तर ते निवेदनाच्या कृतीतच शोधावे लागेल. वडिलांनी खर्चाचा जाब विचारला की पांडुरंग चुकवितो. तोच पांडुरंग पंचविसाव्या वर्षी, कोणी न विचारता, सहा वर्षांची सारी हकीकत क्रमाने सांगावयास बसतो. कशातही न गुंतणाऱ्या या माणसाने तडीस नेलेले हे एकच काम, आणि ते हिशेब देण्याचे आहे. मात्र ज्याला द्यावयाचा त्याला तो दिलेला नाही.