सोवळे आणि अंतःकरणशुद्धी : ख्रिस्ती मराठी आत्मकथनाच्या वाचनाचा एक निकष

मराठी समीक्षेने ख्रिस्ती लेखनाचा विचार प्रामुख्याने ‘धर्मांतर’ या घटनेच्या अंगाने केला आहे. बाप्तिस्म्याची तारीख हा जणू त्या लेखनाचा मध्यबिंदू; त्याच्या अलीकडचे सारे पूर्वतयारीचे आणि पलीकडचे सारे फलश्रुतीचे, अशी ही मांडणी आहे. तिच्यामुळे या लेखनाच्या केंद्राशी असलेला प्रश्न, म्हणजे माणूस आतून नवा होतो तो केव्हा आणि कशाने, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला.

या प्रश्नाची एक खूण विदर्भाच्या पूर्वसीमेवर सापडते. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. चांद्याच्या अरण्यप्रदेशाला लागून असलेले हे त्या काळचे एक संस्थान. या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळकांना खिळवून ठेवले ते त्यातील गिरिप्रवचनाने. अंतःकरणाने शुद्ध असणाऱ्यांना देवदर्शनाचे आश्वासन देणारे हे प्रवचन चमत्कारांचे वर्णन करीत नाही, पंथाची शिस्तही सांगत नाही. कृतीच्या मागे जाऊन ते हेतू तपासते. संतवाणीवर पोसलेल्या मनाला हा सूर परका वाटला नसावा. म्हणूनच टिळकांना ‘ख्रिस्ती तुकाराम’ म्हणण्याची प्रथा पडली. या उपाधीत गौरव आहे, पण आळसही आहे. कारण साम्य नोंदवून ती थांबते आणि ‘शुद्ध’ या शब्दाचे पुढे काय झाले हे विचारीत नाही.

मराठीत ‘शुद्ध’ हा शब्द निरागस नाही. त्याला सोवळ्याचा ओला वास आहे. या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३७) ही कळीची संहिता ठरते. तिचा आरंभच वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने होतो. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबातील एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या आघातातून हे वेड उद्भवले. बाजारातून आलेले जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली. येथे शुद्धी हे भयाचे रूप आहे. जगाने केलेली जखम पाण्याने धुता येत नाही, म्हणून जगच धुऊन काढण्याचा हा खटाटोप आहे.

१८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई पतीजवळ राहू लागल्या तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. ते सुटले उपदेशाने नव्हे, आग्रहाने तर नव्हेच. जातिभेद देवाने केला की माणसाने, या साध्या प्रश्नाचा स्वतःशीच निकाल लावल्यावर ते गळून पडले. आणि हे घडले त्यांच्या १९०० मधील बाप्तिस्म्याच्या आधी. हा क्रम महत्त्वाचा आहे. नवेपण आधी येते, विधी मागाहून.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत क्रम नेमका उलटा दिसतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मधला. परंतु १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या आंतरिक पालट सुमारे आठ वर्षांनंतरचा मानतात. धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्त गवसणे या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. खुद्द टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्याचे दार बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुले होते. तीन जीवनांत विधी आणि पालट यांचा मेळ तीन प्रकारे बसतो. बाप्तिस्म्याला मध्यबिंदू मानणारी समीक्षा या तिन्हींना एकाच साच्यात बसवू पाहते, आणि तेथेच ती चुकते.

‘स्मृतिचित्रे’च्या शैलीचा प्रश्नही येथेच उलगडतो. पापाची कबुली, अश्रू आणि उद्धार ही आध्यात्मिक आत्मकथनाची रूढ घडण. लक्ष्मीबाई तीत मावत नाहीत. त्या स्वतःच्या सोवळ्याला हसतात. हे लेखन घटनांनंतर कैक वर्षांनी झाले, तेव्हा या हसण्यात स्मृतीची सफाई असणार, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः रास्तही आहे. परंतु ज्याचे भय उरले आहे त्याला माणूस असा हसू शकत नाही. त्यांचा विनोद हा केवळ स्वभावविशेष नसून भयमुक्त झालेल्या अंतःकरणाचा संहितागत पुरावा आहे.

या निकषाची कसोटी आज चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यजिल्ह्यांत लागते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांनी ‘शुद्धी’ची जन्मजात उतरंड नाकारली आणि आचरणाला केंद्र केले. त्यानंतर साडेपाच वर्षांनी, १९६२ मध्ये, केरळच्या सिरो-मलबार परंपरेचे चांदा धर्मक्षेत्र येथे उभे राहिले. मल्याळी धर्मपरंपरा, मराठी व्यवहार आणि गोंडी-माडिया बोलणारी वस्ती, असा हा त्रिभाषिक पेच आहे. ज्यांना नागर मराठीने कधी ‘अशुद्ध’ बोलणारे म्हणून हिणवले, तर कधी ‘निष्पाप’ म्हणून कुरवाळले, त्यांच्यापुढे अंतःकरणशुद्धीची भाषा कोणत्या तोंडाने करावी? हिणवणे आणि कुरवाळणे या दोन्हींत समोरच्याच्या अंतःकरणाला इतिहास नाकारला जातो. आणि ज्याला इतिहास नाही त्याचा पालट तरी कसा व्हावा?

म्हणून या प्रदेशातून उद्या जे ख्रिस्ती आत्मकथन येईल, मग ते मराठीत असो वा माडियात, त्याला बाप्तिस्म्याची तारीख विचारून भागणार नाही. लिहिणाऱ्याचे कोणते भय सुटले आणि कोणाच्या हातचे पाणी त्याला गोड लागू लागले, हे विचारावे लागेल. लक्ष्मीबाईंनी घालून दिलेला हा निकष धर्मशास्त्राचा जितका आहे, तितकाच तो साहित्याचाही आहे.