नळी आणि मुलामा

अणुभट्टीची आकृती पाठ्यपुस्तकांमुळे आणि परीक्षेच्या मार्गदर्शकांमुळे सर्वांच्या परिचयाची झाली आहे. इंधनाच्या कांड्या, मंदायक, नियंत्रक कांड्या, शीतक आणि सभोवती काँक्रीटची जाड भिंत. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक आकृत्यांत इंधनाची कांडी म्हणजे नुसती एक काळी रेघ असते. त्या रेघेला धातूची त्वचा असते, हे चित्रात दिसत नाही. आमचा आक्षेप एवढ्याच रेघेविषयी आहे, पण तो किरकोळ नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी शिक्षक आपापले दाखले शोधतात. पैठणच्या एका शिक्षकांनी आम्हाला त्यांचा दाखला सांगितला. जरीच्या चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो, तसा युरेनियमवर दुसऱ्या धातूचा मुलामा असतो, असे ते वर्गात सांगतात. दाखला गावातलाच, मुलांच्या चटकन ध्यानात राहणारा. पण तो चुकीच्या जागी बसवला गेला आहे. मुलामा खालच्या धातूला चिकटून असतो. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचे इंधन पाहा. युरेनियम डायऑक्साइडच्या लहान दंडगोल गोळ्या झिर्कॅलॉय या मिश्रधातूच्या नळीत एकीवर एक रचतात, आत हेलियम भरतात आणि दोन्ही टोके वेल्डिंगने बंद करतात. गोळी आणि नळी यांच्यामध्ये बारीकशी फट असते. विखंडनातून झेनॉन, क्रिप्टॉन, आयोडिन अशी द्रव्ये निर्माण होतात. ती याच नळीने कोंडून धरायची असतात. म्हणजे किरणोत्सारी द्रव्य आणि पाणी यांच्यामधली धातूची भिंत ती हीच, आणि तिची जाडी एक मिलिमीटरही नसते! काँक्रीटची पाळी फार नंतर येते.

नळीसाठी झिर्कोनियमच का? ट्रॉम्बेच्या 'अप्सरा' (१९५६) व 'सायरस' (१९६०) या संशोधन भट्ट्यांत ॲल्युमिनियम चालले, कारण तेथील पाणी फारसे तापत नसे. वीजभट्टीत पाणी तीनशे अंशांच्या आसपास असते. तेथे ॲल्युमिनियम टिकत नाही. पोलाद टिकेल, पण लोखंडाचा अणू झिर्कोनियमच्या सुमारे १४ पट न्यूट्रॉन गिळतो. गंमत अशी की, झिर्कोनियमच्या खनिजात त्याचे भावंड हाफ्नियम मिसळलेले असते आणि ते न्यूट्रॉनांचे मोठेच खादाड. ते वेगळे काढल्याशिवाय नळीचा उपयोग नाही. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात हे काम चालते.

या नळीचा दोष मात्र मुलांना सांगायलाच हवा. नेहमीच्या तापमानाला तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर जमतो आणि तोच तिचे रक्षण करतो. शीतक बंद पडून तापमान १२०० अंशांच्या वर गेले, की झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेते, हायड्रोजन सुटतो आणि वर आणखी उष्णता निर्माण होते. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या इमारती उडाल्या त्या या हायड्रोजनमुळे. तेथे अणुबाँबसारखा स्फोट झाला, असे मानणारे पदवीधर आम्हाला भेटतात. चित्रात नळीच नसेल, तर हायड्रोजन कोठून आला हे त्यांना कळावे कसे?

फुकुशिमानंतर नळीवर क्रोमियमचा लेप देण्याच्या प्रयत्नांना वेग आला. असे लेप दिलेल्या कांड्या २०१९ साली अमेरिकेतील काही वीजभट्ट्यांत चाचणीसाठी ठेवण्यात आल्या. येथे जरीचा दाखला चपखल बसतो. लेपाची जाडी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे केसाहूनही कमी. क्रोमियम झिर्कोनियमच्या सुमारे १६ पट न्यूट्रॉन गिळते, म्हणून लेप पातळच हवा. सोने झिजले की जरीची चांदी काळवंडते. तसेच क्रोमियमवर ओरखडा पडला, की तेथे झिर्कोनियम उघडे पडते.

या इंधनाला काही लेखांत 'अपघातरोधक' म्हटले जाते. हा शब्द आम्हाला मान्य नाही. लेप नळीच्या बाहेरून असतो. नळी फुगून फुटली, तर वाफ आत शिरून उघड्या पृष्ठभागाला भिडते. शिवाय सुमारे १३३० अंशांना क्रोमियम आणि झिर्कोनियम मिळून वितळू लागतात, जरी सुटे असताना दोघांचेही वितळणबिंदू १८०० अंशांच्या वर आहेत. लेप देतो तो अवधी: शीतक पुन्हा सुरू करायला थोडा जास्त वेळ. 'अपघातसहिष्णु' हा शब्द अवघड असला तरी खरा आहे.

शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतील इंधननळ्यांना आतून ग्रॅफाइटचा पातळ थर देतात. गोळी फुगून नळीवर दाब येतो आणि त्यातच आयोडिनमुळे तडे जाण्याचा धोका असतो. तो या थराने कमी होतो. तेव्हा 'मुलामा' हा शब्द वर्गातून हद्दपार करण्याचे कारण नाही. फळ्यावर आधी दोन समांतर रेघांनी नळी काढावी, तिच्यात गोळ्या रचाव्यात, आणि मग मुलामा नेमका कोणत्या बाजूला हे मुलांनाच विचारावे. थोड्या पुढच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक प्रश्न आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारख्या, म्हणजे पाणी आतच उकळणाऱ्या भट्टीत, पाण्यात ऑक्सिजन असतो आणि त्यात क्रोमियम हळूहळू विरघळते. मग तेथे लेप कशाचा द्यावा?